लोंबूचा रंग

सोमवारी सकाळी टीव्हीवाली बाई आली आणि तिनं टेबलावर रंगांच्या पट्ट्यांचा जुडगा पंख्यासारखा पसरला. तेव्हापासून भिंगरीच्या डोक्याला जो भुंगा लागला, तो लागलाच.

भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वर्तमानपत्राच्या कचेरीत पडलेलं हे नाव निवृत्त झाल्यावरही त्याच्याबरोबर घरी आलं. बसून चित्र काढणं या माणसाला कधी जमलं नाही. उंच टेबलापाशी उभा राहून तो दोन रेघा मारायचा, मग खिडकीपर्यंत एक फेरी, परत दोन रेघा. एका चित्रपट्टीत तो किती चालतो हे कुणी मोजलं असतं, तर कचेरीनं त्याला चपला घेऊन दिल्या असत्या. आता एकोणसत्तराव्या वर्षी गुडघे कुरकुरत होते, पण फेऱ्या काही सुटल्या नव्हत्या.

तर ही बाई. वयानं त्याच्या लेकीपेक्षाही लहान, बोलायला गोड आणि कामाला पक्की. त्याच्या चित्रपट्टीतल्या लोंबूची कार्टून मालिका करायची ठरली होती, करार जवळजवळ तयार होता, आणि तिला एकच गोष्ट हवी होती. तिनं विचारलं, लोंबूचा रंग कोणता?

प्रश्न साधा होता. पण चौतीस वर्षं लोंबू छापून आला तो काळ्यापांढऱ्यात. खांदे नसलेला, मान नसलेला, पायापर्यंत लोंबणाऱ्या दोन बाह्यांचा तो प्राणी, आणि जिथं गळा असायचा तिथून बाहेर डोकावणारे दोन गोंधळलेले डोळे. तो बोलत नसे. नुसता चुकीच्या वेळी चुकीच्या खोलीत येई आणि काहीतरी पाडून ठेवी. सुरुवातीला तो पट्टीच्या कोपऱ्यात होता. मुख्य माणूस होता एका कापड दुकानातला कारकून. सहा महिन्यांत वाचकांची पत्रं आली ती सगळी कोपऱ्यातल्या प्राण्याबद्दल, आणि वर्षभरात कारकुनाची नोकरी गेली. वाचक अधूनमधून विचारत की लोंबू कुठल्या रंगाचा आहे. भिंगरी उत्तर धाडायचा, "तुम्हाला दिसेल त्या." लोकांना ते उत्तर फार खोल वाटायचं. एकानं तर त्यावर लेख लिहिला होता.

खोल वगैरे काही नव्हतं. खरं कारण असं की भिंगरीला रंग कळत नसत.

अगदी सगळेच कळत नसत असं नाही. निळा त्याला निळा दिसे, पिवळा पिवळा. पण लाल, हिरवा आणि तपकिरी ही मंडळी त्याच्या डोळ्यांना एका घरच्या भावंडांसारखी वाटत, आणि कोण थोरला, कोण धाकटा, हे त्याला आयुष्यात सांगता आलं नव्हतं. शाळेत असताना झाड लाल रंगवलं म्हणून वर्ग हसला, तेव्हा त्यानं जो कानाला खडा लावला तो कायमचा. पुढं पोट चित्रांवर आलं. चित्रकाराला रंग कळत नाहीत, हे कळलं तर कोण उभं करणार? रविवारची पुरवणी रंगीत झाली तेव्हा संपादकांनी त्याला बोलावून अख्खं पान देऊ केलं. यानं सांगितलं, रंगानं विनोद पातळ होतो. संपादक भारावले. कचेरीत त्याला तत्त्वाचा माणूस म्हणू लागले. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती नुसती "बरं केलंत" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. तिनं एका शब्दानं वाद घातला नाही, याचं त्याला थोडं वाईटच वाटलं होतं.

ही बायको दोन वर्षांपूर्वी गेली. आणि घोळ तिथंच होता.

लोंबू कसा जन्मला, असं कुणी विचारलं की भिंगरी ठरलेली गोष्ट सांगायचा. कागदावर शाईचा डाग पडला, पुसत बसण्यापेक्षा त्याला हातपाय काढले. मुलाखतींत ही गोष्ट इतक्यांदा छापून आली होती की त्यालाही ती अर्धी खरी वाटायची. खरी गोष्ट वेगळी होती. लग्नाला दोन महिने झाले होते, हिवाळ्याची सकाळ होती. बायको स्वयंपाकघरात उभ्या उभ्या स्वेटर घालत होती. थोरल्या बहिणीनं विणलेला. बहिणीनं माप स्वतःचं धरल्यामुळं बाह्या हातभर लांब, आणि गळ्याचं बटण सोडायला ही विसरलेली. डोकं आत अडकलं. हात कुठून बाहेर काढायचे ते कळेना. ती तशीच गोल फिरली, बाह्या लोंबत होत्या, एका बाहीनं दुधाचं पातेलं खाली आलं. गळ्याच्या फटीतून दोन डोळे दिसले. "हसताय काय, ओढा ना," असं आतून दबक्या आवाजात आलं. आणि हा गडी पेन्सिल आणायला पळाला. आधी चित्र काढलं, मग बायकोला बाहेर काढलं.

दुपारपर्यंत ती बोलली नाही. संध्याकाळी चित्र पाहून इतकी हसली की उचकी लागली. पण तिनं वचन घेतलं की मी स्वेटरात अडकले होते हे जगाला सांगायचं नाही. त्यानं पाळलं.

म्हणजे लोंबूचा रंग तोच, जो त्या स्वेटरचा. आणि तो स्वेटर कुठल्या रंगाचा होता हे भिंगरीला माहीत नव्हतं. कधीच नव्हतं. अंदाजानं तो त्याला तपकिरी म्हणायचा आणि कुणी टोकलं नव्हतं, पण आपल्या अंदाजावर त्याचा भरवसा नव्हता. स्वेटर पुढं उसवला, लोकर कुणाकुणाच्या टोप्यांत गेली. आता तिला विचारायची सोय नव्हती.

टीव्हीवाल्या बाईला त्यानं नेहमीसारखं "तुम्हाला दिसेल तो" ऐकवून पाहिलं. ती हसली आणि म्हणाली की पडद्यावर तसं चालत नाही, एकच काहीतरी लागतं. त्यांचे साहेब जांभळ्यासाठी अडून बसले होते, कारण जांभळी खेळणी खपतात. "पण तुमच्या मनात जो असेल तोच आम्ही घेऊ. शुक्रवारी येते. तोवर नाही ठरलं, तर मग साहेब म्हणतील तसं." पट्ट्यांचा जुडगा ती ठेवून गेली.

जांभळा! एकदा टीव्हीवर आला की तोच खरा होणार. उद्याची पोरं लोंबू म्हटलं की जांभळंच काहीतरी डोळ्यांसमोर आणणार, आणि त्या सकाळी स्वयंपाकघरात फिरत असलेली ती, ती मात्र कायमची पुसली जाणार. बायकोचे फोटो होते घरात. पण तिची ती सकाळ फक्त लोंबूतच उरली होती.

मंगळवारी तो बाहेर पडला. त्याच्याकडे एकच धागा होता. वर्तमानपत्रात करडी छटा हवी असली की चित्रात त्या जागी निळ्या पेन्सिलीनं आकडा लिहायची पद्धत होती. छपाईतला माणूस त्या आकड्याप्रमाणे बारीक ठिपक्यांची फिल्म तिथं चिकटवायचा. आकडा जितका मोठा तितकी छटा गडद. लोंबूवर त्यानं पहिल्या दिवशी चाळीस लिहिलं आणि चौतीस वर्षं चाळीसच लिहीत राहिला. कारण स्वेटर त्याच्या डोळ्यांना चाळीस होता. रंग कळत नसला तरी गडदफिकं त्याला कुणाहीपेक्षा जास्त कळे.

तेव्हा तो रस्त्यात चाळीस शोधू लागला. बँकेच्या कुंपणाची मेंदी चाळीस भरली. केशकर्तनालयाचा पडदा चाळीस. बसथांब्यावर एका बाईच्या खांद्याला अडकवलेली पिशवी तर अगदी तंतोतंत. त्यानं तिला विचारलं, बाई, या पिशवीचा रंग कोणता म्हणाल तुम्ही? ती दोन पावलं मागं सरकली. मग त्याचं वय पाहून म्हणाली, लाल. न्हाव्यानं पडदा तपकिरी असल्याचं सांगितलं आणि दाढी करायची आहे का विचारलं. मेंदीचं कुणाला विचारायची गरज नव्हती. तीन चाळीस आणि तीन रंग. बुधवारी आणखी अकरा झाले. घरी येऊन तो जेवायला बसला, उठला, पाणी प्यायला, परत बसला, परत उठला.

लेक त्याच्याजवळच राहायची. ती दातांची डॉक्टर. तिनं विचारलं, काय चाललंय तुमचं? त्यानं सांगितलं, पाय मोकळे करतोय. तिनं त्याच्याकडं थोडा जास्त वेळ पाहिलं आणि मग भात वाढला.

गुरुवारी मात्र तो मेहुणीकडे गेला. जिनं स्वेटर विणला तीच ही, बायकोची थोरली बहीण. खरं तर सोमवारीच जायला हवं होतं. पण तिला विचारायचं म्हणजे आपलं भांडं आपल्या हातानं फोडायचं. छत्तीस वर्षं ज्या स्वेटरवालीशी संसार केला, तिच्या स्वेटरचा रंग विचारायला कुठल्या तोंडानं जाणार?

मेहुणी ऐंशीला टेकलेली, एकटी राहणारी, जिभेनं तिखट. दारातच म्हणाली, बरं झालं आलात भाऊजी, हात रिकामे आहेत ना? आणि त्याला खुर्चीत बसवून लोकरीची मोठी लडी त्याच्या दोन्ही हातांत अडकवली. स्वतः समोर बसून गुंडा गुंडाळू लागली. झालं. ज्या माणसाला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, त्याचे दोन्ही हात वर आणि लोकरीत बांधलेले. उठायची सोय नाही, नाक खाजवायची सोय नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला की छान हिरवी आहे लोकर. मेहुणी म्हणाली, हो, छान आहे.

मग त्यानं आडून आडून सुरुवात केली. मालिका येतेय. लोंबू रंगीत होणार. जुन्या आठवणी निघतात. लग्नात तुम्ही तिला एक स्वेटर दिला होता, बाह्या जरा लांब झाल्या होत्या, आठवतंय ना? मेहुणी म्हणाली, बाह्यांचं ऐकून घेतलंय मी आयुष्यभर, तुम्ही नका सांगू. तो हसला. लडी हातावरून सरकत होती. त्याला उठून खिडकीशी जावंसं वाटत होतं, आणि जाता येत नव्हतं.

"कुठल्या रंगाचा होता तो?" त्यानं विचारलं.

मेहुणीचे हात थांबले. "तुम्ही रोज बघायचात की."

"मला कळत नाहीत रंग." जन्मात पहिल्यांदा त्यानं हे तोंडानं म्हटलं होतं. "लाल, हिरवा, तपकिरी. मला एकच दिसतात. लहानपणापासून. कुणाला सांगितलं नाही मी. तिलाही नाही."

मेहुणी परत गुंडाळू लागली. जराही न दचकता.

"लाल होता," ती म्हणाली. "दोन दुकानं फिरून आणली होती लोकर. आणि तिला माहीत होतं. लग्नानंतर आठ दिवसांत. तुम्ही तिला म्हणालात, हा तपकिरी तुला शोभतो. ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली, हसत आली आणि इथं बसून रडली. मी म्हटलं, सांग त्यांना. ती म्हणाली, नाही, त्यांचं पोट त्यावर आहे, आणि ते इतकं मेहनतीनं लपवतायत की मी कळलं म्हटलं तर त्यांना घरातही चैन पडणार नाही. तेव्हापासून तो स्वेटर तपकिरी झाला. आमच्या ह्यांनी एकदा चारचौघांत म्हटलं, लाल काय खुलतो तुला. तर ती म्हणाली, तपकिरी आहे हो, चष्मा बदला. बिचारे खरंच डोळे तपासून आले."

भिंगरीनं हातांतल्या लडीकडं पाहिलं.

"ही लोकरही हिरवी नाही," मेहुणी म्हणाली. "विटकरी आहे. सवय झालीय आम्हाला."

आता वाटेल की त्याला भरून आलं. छे. तो संतापला. त्यानं लडी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि उभा राहिला. छत्तीस वर्षं मला कुक्कुल्या बाळासारखं वागवलंत तुम्ही सगळ्यांनी, माझ्या पाठीमागं. मेहुणी म्हणाली, आणि तुम्ही तिच्या पाठीमागं लपवलंत, फिट्टंफाट झाली, बसा, चहा टाकते. तो चहा न घेता निघाला.

रस्त्यानं तो तावातावानं चालला. आपण मोठे हुशार, असं समजून वावरत होतो आणि ती मनात हसत असणार. पण दुसऱ्या चौकापर्यंत आठवायला लागलं. टोमॅटो आणायला तिनं त्याला कधीच पाठवलं नाही. त्याला वाटायचं, आपल्याला भाजीतलं कळत नाही असं ती समजते. त्याचे मोजे सगळे निळे. घरातल्या उशा, कप, पडदे, जे काही त्यानं "तो पिवळा", "तो निळा" म्हणून मागावं असं होतं, ते सगळं पिवळं किंवा निळं. सिग्नलला ती दर वेळी त्याच्या आधी "चला" म्हणायची, आणि या हुकमी स्वभावाचा त्याला कंटाळा यायचा. एकदोनदा तर तो तिच्यावर खेकसलाही होता की मला डोळे आहेत. पुढच्या सिग्नलला ती परत "चला" म्हणाली होती.

त्या चौकात सिग्नल दोनदा बदलला तरी भिंगरी उभाच राहिला. शेवटी लोक निघाले म्हणून तोही निघाला. राग कुठं गेला ते कळलं नाही. त्याजागी जे आलं ते रागापेक्षा फार वाईट होतं. त्याला तिची माफी मागायची होती, आणि माफी घ्यायला कुणी नव्हतं.

शुक्रवारी लेकीनं दवाखाना बंद ठेवला, कारण करारावर सह्या व्हायच्या होत्या. टीव्हीवाली बाई वेळेवर आली. पट्ट्यांचा जुडगा टेबलावर पसरला गेला. तिनं पेन काढलं. भिंगरीनं खिडकीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या, तिसरी अर्ध्यात सोडली.

पळवाट होती अजून. नुसतं "लाल" म्हणून निवड तिच्यावर सोपवायची, अमुक लाल का तमुक, ते तुम्ही बघा, मला तपशिलात रस नाही. तत्त्वाच्या माणसाला ते शोभलंही असतं. लेकीलाही काही कळलं नसतं, असं त्याला वाटत होतं.

तो टेबलापाशी आला. "लाल," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा स्वेटर होता. शाईचा डाग वगैरे काही नाही, मी खोटं सांगत आलो. लोंबू म्हणजे ती आहे."

"तपकिरी, बाबा," लेक पटकन म्हणाली. "आईचा स्वेटर तपकिरी होता."

तो तिच्याकडं वळला. तिचा चेहरा पाहून त्याला सगळं एकदम कळलं, तरी त्यानं विचारलंच. "तुला तो तपकिरी दिसायचा?"

लेकीनं टीव्हीवाल्या बाईकडं पाहिलं, मग बापाकडं. तिला खोटं बोलायचं होतं आणि आता ते जमत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "पहिलीत मी सफरचंदाला तपकिरी म्हटलं तर बाई रागावल्या. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, घरात तपकिरी म्हणायचं, बाहेर लाल. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. कळायला लागल्यावर कळलं. आता आपण घरात आहोत ना, म्हणून तोंडातून तेच आलं."

टीव्हीवाल्या बाईनं पेनाचं टोपण लावलं आणि मांडीवर हात ठेवून बसली. त्याची लेक एवढीशी होती तेव्हापासून, पहिलीपासून, दोन भाषा बोलत आली होती, एक जगासाठी आणि एक त्याच्यासाठी, आणि आज आई नसतानाही नेमून दिलेलं काम करत होती. भिंगरीनं खुर्ची ओढली आणि बसला.

"मला लाल दिसत नाही," तो टीव्हीवाल्या बाईला म्हणाला. "हिरवाही नाही. तुम्हाला हवं तर छापा. आणि घरात यापुढं लाल म्हणायचं," हे लेकीला. "यातला कुठला, ते तू दाखव."

जुडग्यात लालाच्या नऊ पट्ट्या होत्या. दाताच्या छटा जुळवणं लेकीचं रोजचं काम. तिनं एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, दोन बाजूला काढल्या, त्यातली एक परत ठेवली. मग एका पट्टीवर बोट ठेवून ती त्याच्यासमोर सरकवली. टीव्हीवाल्या बाईनं पट्टीचा नंबर लिहून घेतला.

भिंगरीनं पट्टी हातात घेतली. बँकेच्या कुंपणासारखी, न्हाव्याच्या पडद्यासारखी, चाळीस. त्यापलीकडं त्याला काही दिसेना. छान आहे असं तो म्हणणार होता, पण म्हणाला नाही.

"कशी दिसायची ती यात?" त्यानं विचारलं. "मला सांग."

लेक त्याच्या शेजारी बसली आणि सांगायला लागली. हिवाळ्यात शाळेच्या फाटकात खूप बायका उभ्या असायच्या आणि आई रस्त्याच्या पार पलीकडून ओळखू यायची. तिचा चेहरा दिसायच्या आधी स्वेटर दिसायचा. दूरवर काहीतरी पेटलंय असं वाटायचं आणि ती आई असायची. भिंगरी हलला नाही, उठला नाही. ऐकता ऐकता तो रडायला लागला, आणि डोळ्यात काहीतरी गेलं असं या वेळी त्यानं कुणाला सांगितलं नाही.